चिंचेनं घासलेली भिंत

बाळकू, लेका, अख्ख्या गल्लीला सवय लावून ठेवलीस आणि निघून गेलास. तुझ्या दुकानाच्या फळ्या लागून आज सोळा दिवस झाले. श्रावणापर्यंत सकाळी आठाला तुझे ठोके सुरू व्हायचे आणि मी तुला शिव्या घालत वह्या तपासायला बसायचो. आता वह्या तशाच पुढ्यात पडल्यात, शिव्या घालायला कुणी नाही, आणि काम काही सरकत नाही. समोरच्या बोळातली म्हातारी खोकते तेसुद्धा ऐकू येतं. इतकी वर्षं ती खोकत होती हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं.

परवा एका साप्ताहिकाचा माणूस आला होता. कुठूनतरी त्याला कळलं की मुलींच्या शाळेतली ती तांब्याची भिंत करणारा माणूस गेला. वही काढून बसला आणि म्हणाला, "मास्तर, जन्म, शिक्षण, मानसन्मान, एवढं सांगा." मी म्हटलं, जन्म कुठल्याशा पुराच्या साली झाला, त्याची आई तेवढंच सांगायची. शिक्षण चौथी. मान एकदाच मिळाला, शाळेच्या उद्घाटनाला, आणि त्या दिवशीसुद्धा शाल चुकून सुताराच्या खांद्यावर पडली आणि बाळकू टाळ्या वाजवत बसला. त्या वहीवाल्याला हे काही नको होतं. वही मिटता मिटता त्यानं विचारलं, "तुमचे जवळचे स्नेही होते ना?" मी हो म्हणालो. म्हणालो खरा. दोन वर्षं मी तुझ्याशी धड बोललो नव्हतो, हे त्याला कसं सांगणार?

तुला ते सांगायला नको. तुला माहीत आहे. पण त्या दोन वर्षांत माझ्याकडे काय चाललं होतं ते तुला माहीत नाही, आणि तू गेल्यावर काय झालं तेही नाही. म्हणून त्या साप्ताहिकवाल्याला वाटेला लावून हे तुलाच लिहितोय. वाचायला तू चौथीपर्यंत तरी शिकलास, बरं झालं.

चौथीत आपण एका सतरंजीवर बसायचो. तू पाटीवर बैल काढायचास. शेजारी मी पण काढायचो. गुरुजी वर्गाला माझी पाटी उचलून दाखवायचे, कारण माझ्या बैलाचे चारी पाय सारखे आणि सरळ असायचे. तुझा बैल एक पाय आखडून, मान तिरकी करून बघायचा. आता चालायला लागेल असं वाटायचं. मला तेव्हाच कळलं होतं बाळकू, कुठला बैल खरा ते. मी बोललो नाही. पुढं मी मुंबईला जाऊन चित्रकलेचा दाखला घेऊन आलो आणि मास्तर झालो. तू बापाच्या ऐरणीपाशी बसलास, घागरी, बंब आणि तपेली ठोकत. तुझा डावा कान त्या ठोक्यांनी तिशीच्या आतच गेला. तुझ्याशी बोलायचं म्हणजे उजवीकडं बसावं लागायचं, आणि तू तर कुठंही बसलास तरी ओरडूनच बोलायचास.

संस्थान विलीन झालं त्या सुमाराला तू सिनेमाच्या स्टुडिओची कामं घ्यायचास. मुकुट, ढाली, चिलखतं. एकदा एका सिंहासनाची पाठ केली होतीस, तांब्याच्या पत्र्यावर उठावाचा सिंह. सिनेमा संपल्यावर ती पाठ आवारात चुन्याच्या पिंपामागं फेकलेली मी बघितली. धुळीतनं तो सिंह असा काही बघत होता की मी तिथंच उकिडवा बसलो. त्याच पावली तुझ्याकडं आलो आणि म्हटलं, "बाळकू, हे भिंतीवर पाहिजे. मोठ्या भिंतीवर."

"भितीवर?" तू ओरडलास. "भितीवर चढायला मी काय पाल हाय का गा?"

पण चढलास. आधी तालमीतली ती पितळेची कुस्ती केलीस. पैलवान लोक अजून आखाड्यात उतरताना तिच्या पायांना हात लावतात. मग शिरोळच्या सोसायटीच्या कचेरीत उसाचा फड केलास, आणि मलकापूरकडच्या एका देवळाच्या दारावर मोर. लोक यायचे, बघायचे, आणि विचारायचे, "हे कुणी काढून दिलं?" तू माझ्याकडं बोट दाखवायचास. मी कागदावर चार रेघा मारून द्यायचो, बाकी सगळं तुझं. तरी मी कधी "नाही हो, सगळं त्याचंच आहे" असं म्हटलं नाही. ते तेव्हा म्हणायला पाहिजे होतं.

मग मुलींच्या शाळेची भिंत आली. दिवाणखान्याएवढा हॉल, समोरची भिंत कोरी, आणि मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या हेडमास्तरीण, मागं लागलेल्या की इथं काहीतरी पेठेचं पाहिजे. आपण पंचगंगेचा घाट ठरवला. पाणी भरणाऱ्या बायका. पण तांबं कुठनं आणायचं? एवढा पत्रा शाळेला परवडणार नव्हता. तेव्हा तुझ्या बायकोनं, आमच्या सुंद्रावहिनींनी, आपल्या माहेरची घागर आणून तुझ्यापुढं आदळली. म्हणाल्या, "नळ आल्यापास्नं ही नुसती माळ्यावर बसलीया. हिलाच लावा भितीवर."

ती बातमी गल्लीत गेली आणि मग काय विचारता! घराघरात अॅल्युमिनियम शिरलं होतं, तांबं अडगळीत पडलं होतं. एरवी बायका ते मोडीत घालायच्या आणि नवं भांडं घ्यायच्या. त्या साली ते सगळं तुझ्या दारात आलं. घागरी, हंडे, कळश्या, बंबाची झाकणं. कासारणी आल्या, मराठ्यांच्या आल्या, कल्हईवाल्या इब्राहिमभाईच्या अम्मा स्वतः तोटीचा बदना घेऊन आल्या. माझ्या बायकोनं, इंदूनं, आपल्या आईची घागर दिली. घागरीच्या गळ्याखाली ठिपक्या ठिपक्यांनी तिच्या आईचं नाव घातलेलं होतं, लग्नात भांड्यावर घालतात तसं. सगळ्याच भांड्यांवर नावं होती. कुणाची आई, कुणाची मावशी, कुणाची सासू, बऱ्याचशा कधीच्या गेलेल्या.

ते चार महिने, बाळकू. माझ्या आयुष्यात तसे दुसरे नाहीत. शाळा सुटली की मी सदरा न बदलता तुझ्या दुकानात यायचो. तू भांड्याचं बूड कापायचास, पोटाला उभी चीर द्यायचास, भट्टीत लाल करून पाण्यात टाकायचास, आणि लाकडी मोगरीनं बडवून त्याचा पत्रा करायचास. मग राळ आणि विटेच्या भुकटीच्या जाड थरावर तो पालथा टाकून पाठीकडनं ठोकायला बसायचास. मला ते कधी जमलं नाही. पुढून चेहरा दिसत नाही आणि तू मागून नाक काढतोयस, गाल काढतोयस, डोक्यावरच्या चुंबळीचे पीळ काढतोयस. मी विचारायचो, "अरे, कळतं कसं तुला?" तू म्हणायचास, "हाताला कळतंय. तू तोंड बंद ठेव म्हंजे आणि कळंल." पत्रा उलटा केला की तिथं कुणीतरी बाई वाकून पाणी भरत असायची. ती बाई आपल्या गल्लीतली कुठली ते मला लगेच ओळखू यायचं.

भांडण मात्र पहिल्या दिवसापासून होतं. ती नावं. तू भांड्याची बाहेरची बाजू पुढं ठेवायचास, म्हणजे नावं तशीच चेहऱ्यावर, पदरावर, पाण्यावर. मी म्हटलं, "आतली बाजू वर घे. नावं पाठीमागं जातील. नाहीतर भांड्याचं दुकान वाटेल."

"भांडं काय कोण आतनं बगतंय?" तू म्हणालास. "आणि त्या बायांस्नी काय सांगू? तुमची आय पाठीमागं लावलीया म्हणून?"

शेवटी तोड निघाली ती रंगावर. मी मुंबईत पुस्तकांत मोठमोठ्या पुतळ्यांचे फोटो बघितले होते. काळपट तपकिरी, खाचांमध्ये हिरवट. मला तोच रंग पाहिजे होता. तो चढला की नावं आपोआप दबणार होती. तुला तो पटला नव्हता हे मला माहीत होतं. "तांबं हाय, तांब्यावानी दिसू दे की," एवढंच तू म्हणालास. पण मग माझ्यासाठी तू गंधकाचं पाणी केलंस, रॉकेलच्या पंपाच्या ज्योतीनं तापवून तापवून एकेक तुकडा काळा केलास. हिरव्यासाठी इब्राहिमभाईकडनं नवसागर आणला. तो हिरवा काही टिकेना, हात लावला की भुकटी होऊन निघायचा. त्या धुरानं तू खोकायचास. मी म्हणायचो, "अजून थोडा काळा पाहिजे." मला आता ते वाक्य आठवलं की कसंतरी होतं.

उद्घाटन झालं. सागवानी चौकटीत रिव्हेट मारून बसवलेला घाट, वीस फूट लांब, समईच्या काजळीसारखा काळा मऊ. पाहुणे म्हणाले, "काय रंग साधलाय!" रंगाचं ते माझ्याकडं बघून म्हणाले. शाल कुणाच्या खांद्यावर पडली ते वर लिहिलंय. मी इतका खूश होतो की त्या रात्री दोनदा जेवलो असं इंदू सांगते.

त्यानंतर पहिली दिवाळी आली. सुट्टी लागलेली, वसुबारसेच्या आधीची दुपार. मी सहज मुलींच्या शाळेवरनं चाललो होतो तर हॉलमधनं बायकांचा गलका. आत गेलो. देवा रे! वीस-पंचवीस बायका, पदर खोचलेले, बादल्या, भिजवलेली चिंच, राख, मीठ, काथ्याच्या चोळण्या. शिडीवर दोघी, खाली बाकीच्या. माझी भिंत घासत होत्या. घरातली तांब्याची भांडी दिवाळीला घासतात, मग ही का राहू दे, एवढा साधा विचार. मोठ्या बाईंनी किल्ली दिली होती आणि वर बादल्या भरून देत होत्या. अर्धा घाट लखलखत होता. चार महिन्यांचा रंग तांबड्या ओघळांनी फरशीवरनं मोरीकडं चालला होता. आणि नावं निघाली होती, सगळी. बायका घासता घासता वाचत होत्या. "ही बग, ही माज्या आत्तीची." "अगं, ही आमच्या मोठ्या आईची घागर, बघ की गं, नाव बघ!" इब्राहिमभाईच्या अम्मा भिंतीला हात लावून उभ्या होत्या, त्यांना वाचता येत नव्हतं, कुणीतरी त्यांना जागा दाखवली होती.

आणि तू खाली मांडी घालून बसला होतास, घाटाच्या पायऱ्या घासत.

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते सगळं आता आठवत नाही. अडाणी म्हणालो, गावंढळ म्हणालो. इंदू शिडीवरच होती, तिनं वरनंच सुनावलं, "माझ्या आईची घागर आहे ती. तुमची नाही." मी तिच्याकडं लक्षच दिलं नाही. तुझ्यापाशी आलो. "तू सांगितलंस यांना?" तू म्हणालास, "मला इचारलं, भावजी, घासू का. मी म्हटलं, भांडी तुमची, मला कशाला इचारतासा." मी म्हटलं, पत्रा झिजेल. तू म्हणालास, "झिजंल की. शंभर वरसांनी. तवर आपुन हाय का?"

तेव्हा मी तुझ्या उजव्या बाजूला आलो. मुद्दाम आलो, बाळकू. तुझ्या चांगल्या कानापाशी वाकून, सगळ्या बायकांसमोर म्हणालो, "शेवटी तू भांडीवालाच. जन्मात कलावंत व्हायचा नाहीस."

तू वर बघितलंस. तुझ्या हाताला कोपरापर्यंत चिंचेचा कोळ. म्हणालास, "व्हय की. मग?"

आणि परत घासायला लागलास.

मला वाटलं होतं तू भांडशील. तू भांडला असतास तर संध्याकाळी मी आलो असतो, आपण परत भांडलो असतो, चहा झाला असता आणि मिटलं असतं. तसं कितीतरी वेळा मिटलंय. पण तू नुसतं "मग?" म्हणालास. मी घरी आलो आणि त्या दिवसापासून तुझ्या दुकानाची पायरी चढलो नाही. मला तुझी लाज वाटत नव्हती रे, माझी वाटत होती. पण ते कबूल करायला दोन वर्षं आणि तुझी तिरडी लागली.

रस्त्यात भेटायचास. "काय मास्तर?" "चाललंय." एवढंच. पहिल्या पहिल्यांदा वाटायचं, त्यानं यावं. मग वाटायला लागलं, आता एवढे दिवस झाले, आता कसं जायचं? मग ती सवयच झाली. दुसऱ्या दिवाळीला बायकांनी परत भिंत घासली, या वेळी तूच शिडीवर होतास असं इंदूनं सांगितलं. मी म्हटलं, "बरं." त्या हॉलमध्ये मी पाऊल ठेवलं नव्हतं. त्या रस्त्यानंसुद्धा जायचं टाळायचो, पोस्टात जायला लांबनं वळसा घालायचो.

या श्रावणात तू अंथरूण धरलंस. छातीत पाणी. इंदू रोज तुझ्याकडं पेज घेऊन जायची. परत आली की मी वर्तमानपत्रातनं मान न काढता विचारायचो, "कसा आहे?" ती सांगायची. एकदा म्हणाली, "विचारत होते, मास्तरांच्या परीक्षा झाल्या का." मी म्हटलं, "झाल्या म्हणून सांग." दुसऱ्या दिवशी परत, "विचारत होते, मास्तरांचे पेपर तपासून झाले का." मी म्हटलं, "होतायत म्हणून सांग." तिनं भांडं असं आपटलं की मी दचकलो. "स्वतः जाऊन सांगा की. चाळीस पावलं आहेत."

गेलो. तुझ्या कोपऱ्यापर्यंत गेलो. दुकानाच्या फळ्यांतली एक उघडी होती, आतनं तुझा खोकला येत होता. तेवढ्यात वाटलं, हातात काही नाही, रिकाम्या हातानं कसं जायचं? पानपट्टीवर गेलो, सुपारी घेतली, आणि ती खात घरी परत आलो. यापेक्षा नीच काम मी आयुष्यात केलेलं नाही. कुणाला सांगितलेलं नाही, इंदूलाही नाही. तुला सांगतोय.

नवरात्रात, सकाळी, मी आठवीच्या वर्गात फळ्यावर आंबा काढत होतो, तेव्हा शिपाई निरोप घेऊन आला. खडू ठेवला आणि आलो. त्या दिवशी तुझी पायरी चढताना काही अडचण आली नाही. तुला खांदा दिला. वाटेत कुणीतरी मला बदलायला आलं, मी सोडलं नाही. एवढंच काय ते मी केलं.

तेराव्याला जेवायला बसलो, पहिल्याच घासाला पान सोडलं. उठलो आणि सरळ मुलींच्या शाळेत गेलो. शिपायानं हॉल उघडून दिला. दोन वर्षांनी मी ती भिंत बघत होतो.

बाळकू, ती काळी झाली होती. गेल्या दिवाळीला घासलेली, मग वर्षभराच्या हवेनं, पोरींच्या हातांनी, आपोआप. कपाळं आणि गुडघे फिकट तपकिरी, खोल जागी गडद. आणि पदरांच्या चुण्यांत, चुंबळीच्या पिळांत, नावांच्या ठिपक्याठिपक्यांत हिरवा. आपल्याला नवसागरानं कधी साधला नाही तो हिरवा. बायकांनी चिंच नीट धुतली नव्हती ना, खाचांत राहिली, तिनं तो आणला. बोट लावून बघितलं, निघत नव्हता. नावंसुद्धा वाचता येत होती, काळ्यावर हिरवी. मी पंधरा पुस्तकं बघून जे करायला गेलो ते त्या पंचवीस जणींनी भांडी अर्धवट धुवून केलं होतं. त्याहून चांगलं केलं होतं. मी तिथं खाली बसलो आणि आधी हसलो, मग रडलो. शिपाई बिचारा पाणी घेऊन आला.

तेव्हा कळलं तू काय म्हणत होतास ते. ही भिंत दिवाळीला लखलखणार, मग हळूहळू काळवंडणार, परत घासली जाणार. घरातल्या हंड्यासारखी. तिला कायमचा एक रंग नाहीच द्यायचा. तुला ते पहिल्यापासून कळत होतं, फक्त मला समजेल असं तुला सांगता येत नव्हतं. किंवा तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. बहुधा तसंच असेल.

काल चिंच आणली. पाव शेर, चांगली जुनी काळी. रीतसर भिजवली आणि भांडं झाकून सुंद्रावहिनीकडं गेलो. दिवाळी चार दिवसांवर. वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, भिंत घासायला पाहिजे. मी पण येतो. बायकांना सांगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "यंदा न्हाय घासायची, मास्तर. बायांचं ठरलंय. आमच्या घरातलं माणूस गेल्यालं, वरीसभर सण न्हाय. भितीला तरी कुटला?"

मी भांडं या हातातनं त्या हातात घेतलं. मग एकदम तोंडातनं निघालं, "वहिनी, मी त्याला भांडीवाला म्हणालो होतो."

"म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. तांदूळ निवडायचे थांबल्या नाहीत. "त्याच दिशी येऊन सांगितलं त्येनी. हसत हुतं. म्हणालं, आज मास्तर पयल्यांदा मला माजं नाव घेऊन हाक मारला. आमच्या बापानं, आज्ज्यानं भांडीच केली. त्यात लागायचं काय?"

मला वाटलं, चला, सुटलो. पण त्या पुढं बोलल्या.

"त्येचं न्हाय लागलं. तुमी परत आला न्हाईसा, त्येचं लागलं. रोज सांजला तुमचा बसायचा पाट पुसून ठेवायचं. उजव्या अंगाला. दोन वरसं. शेवटी शेवटी उठाय यायचं न्हाय तर मला सांगायचं, पाट पूस, मास्तर येतील."

मी खाली, हातातल्या चिंचेच्या भांड्याकडं बघितलं. 

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. माझ्या हातातल्या भांड्यावरचं झाकण काढून चिंच बघितली. त्यांच्या आवाजात राग नव्हता बाळकू, राग असता तर बरं झालं असतं. अगदी साधं, एखादा हिशेब सोडवून द्यावा तसं म्हणाल्या, "तुमास्नी घासायची आसंल तर घासा. आमाला सण न्हाय. तुमाला काय, दोन वरसं तुमी आमचं कुणी न्हवता. तुमास्नी चालतंय."

बाळकू, मला ही शिक्षा बरोबर वाटली. ती खरी होती. माझ्यापाशी चिंच होती, शाळेची किल्ली मिळाली असती, आणि एकट्यानं सगळा घाट उजळायची परवानगीसुद्धा होती. फक्त एक अट होती. मी तुझा कुणी नव्हतो, हे कबूल करायचं.

मी वहिनींच्या हातातनं झाकण घेतलं आणि भांड्यावर परत ठेवलं. म्हटलं, "वहिनी, मलाही यंदा सण नाही."

त्यांनी सूप परत पुढ्यात ओढलं. मग म्हणाल्या, "मग फुडल्या सालाला या. शिडी धराय माणूस लागंल." आणि आत जाऊन चहा टाकला. मी पायरीवर बसून प्यायलो.

घरी आलो तर इंदू करंज्या लाटत होती, शेजारी सारणाची परात. आकाशकंदील खुंटीला टांगून ठेवलेला. मी तो काढला आणि माळ्यावर ठेवला. तिनं लाटणं थांबवलं. मी म्हटलं, "यंदा आपल्याकडं सण नाही."

इंदूनं लाटलेल्या पाऱ्या गोळा केल्या, सारण डब्यात भरलं आणि ओटा पुसून घेतला. आपल्यातलं कोण गेलं, असं तिनं विचारलं नाही.